काडी

मी प्रशिक्षक. कागदावर 'अतिथी'.
दहा वर्षं झाली या पाहुणचाराला,
ताट अजून मंजूर व्हायचंय.

खानापुरात, पट्टण पंचायतीच्या जुन्या कोंडवाड्यात
आमचं केंद्र.
भिंतीत जनावरं बांधायच्या कड्या अजून आहेत,
त्यांना पोरं ॲप्रन अडकवतात.
वेल्डिंग मशीन दोन. एक चालतं.
पोरं बावीस.
काड्या, या महिन्यात, अकरा.

म्हणून मी होल्डरमध्ये खडू धरायला शिकवतो.
"मनगट सैल सोड की, भरमा. कोन बघ.
पत्र्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर."
पोरं खडूनं पत्र्यावर शिवण घालतात,
पांढरी, सरळ, कशालाच न जोडणारी.
ओलं फडकं फिरवलं की पत्रा पुन्हा नवा.
याला एक पैसा लागत नाही,
हे मी एकदा साहेबांना हसत सांगितलं
आणि चुकलो.
पुढच्या अंदाजपत्रकात काड्यांचं कलमच नव्हतं.

पैसे येतात. नाही म्हणू नये.
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतात, धापा टाकत,
एकतीस तारखेच्या आत कुठंतरी बसायचं असतं त्यांना.
काडी जळून जाते.
पाहणीला आलेल्या माणसाला काय दाखवणार, राख?
पेव्हर ब्लॉक दाखवता येतात.
आमच्या अंगणात तीन वर्षांत तीनदा बसले.

सभेला मीही गेलो होतो, अर्ज घेऊन.
केंद्राच्या पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावर अडीच तास.
मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.
अनुदान, मंजूर, बाकी,
हे शब्द दोन्हीकडं तेच.
त्यांच्यावरून कुणी भांडलं नाही.
माझा अर्ज ऐनवेळच्या विषयांत होता.
ऐनवेळी वीज गेली.

प्रणाली बिर्जे, गर्लगुंजीची.
खडूची तिची रेघ अशी, की फूटपट्टीनं मान खाली घालावी.
बेळगावला उद्यमबागेत कामाला विचारायला गेली.
सुपरवायझर म्हणाला,
"किती काड्या जाळलियास गे आजवर?"
"सतरा."
तो हसला नाही. एक काडी दिली हातात.
ती पत्र्याला चिकटली.
ओढली, वाकली, तांबडी झाली, सुटेना.

खडू कधी चिकटत नाही.
एवढंच शिकवायचं राहिलं होतं माझं,
आणि ते शिकवायला काडीच लागते.

तरी ठेवून घेतलं तिला, झाडलोटीला.
पुढं ग्राइंडरवर. मग, अधूनमधून, होल्डर हातात.
परवा शनिवारी आली, जेवणाचा डबा पुढं केला.
"भाकरी न्हवं सर. थोटकं हाईत."
बोटाएवढी, काही अंगठ्याएवढी,
लोकांनी फेकलेली, हिनं सुट्टी झाल्यावर वेचलेली.
दोनशे चौदा. मोजून आणली होती.
एकेक जळेल फार तर वीस सेकंद.
वीस सेकंदांत चिकटता येतं.
सोडवताही येतं, मनगटाला झटका कळला तर.

मी साठ्याचं रजिस्टर काढलं.
कोणाकडून प्राप्त. आदेश क्रमांक. लेखाशीर्ष.
पेन टेकवून बसलो, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
प्रणाली म्हणाली, "लिवायलाच पाहिजे काय?"

आत भरमानं पहिलं थोटूक लावलं.
कड्यांच्या भिंतीवर निळा उजेड पडला,
गेला,
पुन्हा पडला.
"सर, चिकटली!" तो ओरडला,
घाबरून की आनंदानं, बाहेरून कळेना.
रजिस्टर तसंच उघडं टाकून
मी उठलो.